जुन्या मोटारींची पारख: मुंबई इलाख्यातील गाड्यांचा प्रवास आणि त्याच्या खुणा

व्हिंटेज मोटार म्हणजे नेमकी किती जुनी, याचे उत्तर देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये 1934 साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने 1919 ते 1930 या काळात बनलेल्या गाड्यांनाच हे नाव दिले. मंदी आल्यावर कारखान्यांनी खर्च छाटला आणि हलका माल बाजारात आणला, अशी संस्थापकांची तक्रार होती. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांना तिकडे एडवर्डियन म्हणतात आणि 1904 च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांना व्हेटरन. भारतातील रॅलींमध्ये ही सीमा साधारण 1940 च्या आसपास धरली जाते. त्यापुढची गाडी क्लासिक. केंद्र सरकारच्या 2021 सालच्या नियमांनी तिसरीच व्याख्या आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार व्हिंटेज ठरते. या हिशेबाने 1975 सालची प्रीमियर पद्मिनीही आता त्या पंक्तीत बसू शकते. क्लबच्या संस्थापकांना ते मुळीच मानवले नसते.

गाडी कोणत्याही व्याख्येत बसो, तिची किंमत शेवटी अस्सलपणावर ठरते. तो कसा तपासावा, याविषयी इंग्लंड-अमेरिकेत भरपूर पुस्तके आहेत, पण पश्चिम भारतातील ग्राहकाला ती अर्धीच उपयोगी पडतात. इथल्या गाड्या वेगळ्या वाटेने आल्या, वेगळ्या हवेत राहिल्या आणि सुट्या भागांच्या टंचाईत वेगळ्या रीतीने जिवंत ठेवल्या गेल्या. मुंबई इलाख्यातील मोटारींचा इतिहास ठाऊक असेल, तर गाडीत कोणता दोष कुठे शोधायचा हे बरेचसे आधीच कळते.

सुरुवातीच्या काही दशकांत महागडी मोटार ही दोन ठिकाणी बनणारी वस्तू होती. रोल्स-रॉइस, डेमलर किंवा बेंटलीसारखा कारखाना चासी विकत असे, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि रेडिएटर. तिच्यावरची बॉडी पूर्वी घोडागाड्या बांधणाऱ्या पेढ्यांकडून करून घ्यायची असे. लंडनमध्ये बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली या नावाजलेल्या पेढ्या होत्या. भारतात कलकत्त्याची स्टुअर्ट आणि मद्रासची सिम्पसन. घाटातल्या चढणी, धूळ आणि ऊन या गाड्यांना पेलेल का, अशी शंका गिऱ्हाइकांना असे. 1908 साली झालेल्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत रोल्स-रॉइसच्या एका गाडीने घाट ओलांडत सुमारे 620 मैलांचा जाण्या-येण्याचा प्रवास विनातक्रार पुरा केला. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. कंपनीला भारतातील संस्थानिकांची बाजारपेठ मिळाली त्यात या प्रवासाचा वाटा मोठा होता.

चासी आणि बॉडी वेगवेगळ्या जन्मल्या, म्हणून त्यांचा मेळ तपासणे हे अशा गाडीतले पहिले काम. एकाच चासीवर वीस वर्षांत दोन-तीन बॉड्या चढल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लग्नासाठी बंद लिमोझिन, शिकारीसाठी उघडी गाडी, पुढे सामान वाहायला मागे फळ्या ठोकलेला टेम्पो, असा क्रम असू शकतो. सुदैवाने रोल्स-रॉइसची कारखान्यातली नोंदपत्रे शिल्लक आहेत आणि इंग्लंडमधील पॉलर्सपरी येथे रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबने ती जपली आहेत. चासीचा क्रमांक दिला की पहिला मालक, बॉडी बांधणारी पेढी आणि चासी हातावेगळी झाल्याची तारीख कळते. विक्रेता म्हणतो ती बॉडी आणि नोंदपत्रातली बॉडी जुळली नाही, तर गाडी खोटी ठरत नाही. मात्र तिची किंमत वेगळ्या पायावर ठरवावी लागते. फोर्ड किंवा शेवरले घेणाऱ्याला अशा वैयक्तिक नोंदींचा आधार नसतो. तिथे पत्रा, लाकूड आणि ठोकलेले आकडे एवढाच पुरावा.

संस्थानी गाड्यांबाबत आणखी एक अडचण येते: गाडीबरोबर गोष्टही विकली जाते. अलवारच्या राजाने अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्यांतून कचरा वाहून नेला, ही कथा इतकी पसरली की पतियाळा, भरतपूर, हैदराबाद अशी जागा बदलत ती सांगितली जाते. गोष्ट तीच आणि राजा दरवेळी निराळा, एवढ्यावरूनच तिच्याकडे संशयाने पाहावे. "अमुक महाराजांची गाडी" हा दावा कागदाशिवाय मानू नये. खरा वारसा बहुधा सलग दिसतो. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही घराण्याकडेच आहे आणि दसऱ्याला दसरा चौकातल्या सोहळ्यासाठी बाहेर निघते. तिची ओळख पटवायला कोणाच्या आठवणींची गरज नाही. बाजारात येणाऱ्या गाडीला असा अखंड धागा क्वचितच असतो. तिच्यासाठी जुने बिल, विम्याचे कागद, संस्थानच्या मोटारखान्यातली वही किंवा क्रमांक स्पष्ट दिसणारा फोटो, यांपैकी काहीतरी हवे.

क्रमांकाची गोष्ट थोडी सविस्तर पाहायला हवी, कारण नवखा ग्राहक इथेच गोंधळतो. संस्थानांतील गाड्यांची नोंद संस्थाने आपापल्या पद्धतीने करत. कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी आणि बडोदे 1 मे 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर या गाड्यांना प्रांताचे क्रमांक मिळत गेले. परिणामी 1930 च्या सुमारास बनलेल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात पहिली तारीख 1949 किंवा 1950 ची आढळू शकते. अशा वेळी पुस्तक बनावट समजण्याचे कारण नाही, आणि त्या तारखेवरून गाडीचे वय ठरवण्याचेही नाही. बी.एम. अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक जुन्या मुंबई प्रांताचे आणि राज्याचे. 1960 नंतर महाराष्ट्राच्या एम.आर., एम.एम. अशा मालिका आल्या. 1988 चा मोटार वाहन कायदा जुलै 1989 पासून लागू झाल्यावर एमएच आणि जिल्ह्याचा आकडा असा क्रमांक सुरू झाला. गाडीवर जुना क्रमांक टिकून असेल, तर ती निदान त्या काळापासून कागदावर जिवंत आहे एवढे कळते. एमएच क्रमांक असलेली 1935 ची मॉरिस दिसली की मधली पन्नास वर्षे ती कुठे होती, हा प्रश्न विचारणे भाग असते.

सामान्य शहरी माणसाच्या आवाक्यात मोटार आली ती अमेरिकन कंपन्यांमुळे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना सुरू केला आणि तिथून शेवरले गाड्या बाहेर पडू लागल्या. 1926 साली स्थापन झालेल्या फोर्डच्या भारतीय कंपनीनेही मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या बंदरांत आपले जाळे उभे केले. सुटे भाग लाकडी पेट्यांतून बोटीने येत, इथे ते जोडले जात, रंग आणि बैठकीचे कापड इथेच चढे. माल बहुतांशी कॅनडातून येई. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात असल्याने जकात सवलतीची होती आणि उजव्या हाताच्या स्टेअरिंगच्या गाड्या तिथे बनत. फोर्डच्या मॉडेल ए गाडीवर याची ठळक खूण सापडते: कॅनडात बनलेल्या इंजिनाच्या क्रमांकाआधी सी आणि ए ही अक्षरे असतात. भारतात पहिल्यापासून असलेली म्हणून दाखवलेल्या उजव्या स्टेअरिंगच्या मॉडेल एवर ही अक्षरे नसतील, तर इंजिन बदललेले असण्याचीच शक्यता जास्त.

मॉडेल एचा हा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या नळीच्या तोंडाच्या वर, घासून सपाट केलेल्या छोट्या जागेवर ठोकलेला असतो. तोच आकडा सांगाड्याच्या डाव्या दांड्यावरही ठोकलेला असे, पण तो बॉडीखाली झाकला जातो आणि बॉडी उचलल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणून बहुतेक व्यवहारांत फक्त इंजिनावरचा आकडा पाहून समाधान मानले जाते. आकडा वाचण्याची आर.टी.ओ.तली जुनी पद्धत ग्राहकाच्याही कामाची आहे. तेल आणि रंग रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, पातळ कागद आकड्यांवर घट्ट धरायचा आणि पेन्सिलचे शिसे आडवे धरून हलक्या हाताने घासायचे. कागदावर आकड्यांबरोबर धातूचा पृष्ठभागही उमटतो. मूळ ठोकलेले आकडे किंचित वरखाली असतात, पण त्यांची खोली आणि वळण सारखे असते, कारण ठसे एकाच संचातले. ग्राइंडर फिरवून जुना आकडा घालवला असेल, तर आकड्यांभोवती गुळगुळीत खोलगट पट्टा दिसतो आणि कडेचे ओतकामाचे रवाळ पोत तिथे एकदम तुटते. दोन वेगळ्या संचांतले ठसे वापरले असतील, तर तीनचे आणि आठचे पोट जुळत नाही. हा कागद नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा आणि ज्या दिवशी बयाणा द्यायचा त्या दिवशी पुन्हा घेऊन जपून ठेवावा.

अशी खबरदारी घ्यावी लागते, कारण या बाजारात कागदाला स्वतंत्र किंमत आहे. भंगारात गेलेल्या गाडीचे पुस्तक जपून ठेवले जाते आणि पुढे त्याच बनावटीच्या, पण बिनकागदाच्या गाडीवर ते चढवले जाते. उलटाही प्रकार घडतो. एका गाडीचा सांगाडा, दुसरीचे इंजिन आणि तिसरीची बॉडी एकत्र करून चौथी उभी राहते, आणि नाव मात्र तिघींपैकी ज्या मॉडेलला भाव जास्त त्याचे लागते. रिकाम्या पितळी पाट्यांवर हवा तो आकडा कोरून मिळतो, म्हणून पाटीपेक्षा सांगाड्यावरचा ठोकलेला आकडा नेहमी वरचा मानावा.

बॉडीच्या आतले लाकूड हा मोटारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच गाड्यांचा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असे. इंग्रजी गाड्यांत अॅशचे लाकूड वापरत. त्या काळच्या शेवरलेच्या बॉडीतही भरपूर लाकूड असते. फोर्डच्या मॉडेल एमध्ये ते बरेच कमी. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे लाकूड आतून भुसभुशीत होते, आणि गाडी गोठ्यात किंवा पडवीत उभी असेल तर वाळवी लागते. वरचा रंग आरशासारखा असला तरी आतला खांब पोकळ असू शकतो. तपासायला हत्यार लागत नाही. दार अर्धे उघडून त्याची बाहेरची कड दोन्ही हातांनी वर उचलायची. फक्त दार हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे, ते काम किरकोळ. दाराबरोबर बिजागरीचा खांबही हलला, तर आतले लाकूड गेले आहे आणि बॉडी पूर्ण उतरवल्याशिवाय ते बदलता येणार नाही. दार बंद केल्यावर वरची फट खालच्यापेक्षा रुंद दिसणे हीही त्याच दुखण्याची खूण. गालिचा उचलून कडेला भुशासारखी पूड साठली आहे का, तेही पाहावे.

दुरुस्तीत अॅशऐवजी सागवान वापरलेले आढळते, कारण इथल्या सुतारांच्या हाताला ते सवयीचे आणि वाळवीला दाद न देणारे. परदेशी परीक्षक याचे गुण कापतात. ही कडकाई अनाठायी वाटते. चौकटीचा आकार मूळ असेल आणि सांधे नीट जुळवले असतील, तर सागवान हा दोष नाही, या हवेत तो शहाणपणा आहे. मात्र चौकट काढून टाकून तिच्या जागी लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड केले असतील, तर तो खरोखर दोष आहे. त्याने गाडीचे वजन वाढते, दारे कर्कशपणे बंद होतात आणि पत्र्याच्या आतून गंज लवकर धरतो.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला शिधापत्रिका लागली आणि अनेक गाड्यांच्या मागे कोळशाच्या वायूची भट्टी बसवण्यात आली. मागच्या बंपरजवळ सांगाड्याला मोठी भोके पाडलेली आणि नंतर बुजवलेली दिसली, तर ती बहुधा या भट्टीची. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली. 1953 साली टॅरिफ कमिशनने नुसती जोडणी करणाऱ्या, पण इथे भाग बनवण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना मुभा देऊ नये अशी शिफारस केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यानंतर गाशा गुंडाळला. मैदानात उरलेल्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेली, कुर्ल्यात कारखाना असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. तिने आधी क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या, मग फियाटशी करार केला. 1954 पासून आलेल्या फियाट 1100 ला तिच्या पुढच्या मुस्कटामुळे महाराष्ट्रात सगळे डुक्कर फियाट म्हणू लागले. हीच आता संग्राहकांची लाडकी आणि मध्यमवर्गीयांना झेपणारी जुनी गाडी आहे.

डुक्कर फियाट तपासताना मात्र फोर्ड-शेवरलेचे नियम चालत नाहीत. तिला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा कणा. म्हणून दारांखालचे उंबरठे, मागच्या स्प्रिंगा जिथे बसतात ती जागा आणि डिकीत सुटे चाक ठेवण्याचा खळगा इथे गंज असेल, तर तो दिसण्यापुरता राहत नाही, गाडी मध्ये वाकू लागते. चारही दारे उघडी ठेवून मागचा भाग जॅकने उचलायचा आणि मग दारे बंद करून पाहायची. न अडकता बसली तर कणा शाबूत आहे. पुढची दारे मागच्या बाजूने बिजागरी असलेली आहेत हेही पाहावे, कारण अपघातानंतर पुढच्या काळातल्या मॉडेलची दारे आणि खांब जोडलेल्या गाड्या आढळतात. मुंबईतल्या बऱ्याच फियाट गाड्यांनी हयात टॅक्सी म्हणून काढली. अशा गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या काचेजवळ बाहेरून मीटर बसवलेला असे. त्याची भोके बुजवली तरी आतून हात लावल्यावर वेल्डिंगचे टिपके लागतात, आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात खालच्या थरात काळा-पिवळा रंग निघतो. टॅक्सी असणे कमीपणाचे नाही, पण लाखो मैल धावलेल्या गाडीला घरची म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

सुटे भाग मिळेनासे झाल्याच्या तीन-चार दशकांत इथल्या मेस्त्र्यांनी गाड्या चालत्या ठेवल्या. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोर बाजारात मिळेल ते बसवले गेले. जीपचा गिअरबॉक्स, ॲम्बॅसेडरचे स्टेअरिंग, कोणत्या तरी ट्रकचा डायनॅमो, असे सगळे. 1973 नंतर पेट्रोल महागले तेव्हा मोठ्या अमेरिकन गाड्यांतली सहा आणि आठ सिलिंडरची पेट्रोल इंजिने काढून तिथे डिझेल बसवण्याची लाट आली. ही कारागिरी कौतुकाची आहेच, पण खरेदीदाराच्या दृष्टीने तीत एक मेख आहे. मूळ इंजिन परत बसवायचे ठरले, तर नुसते इंजिन मिळून भागत नाही. डिझेलच्या बैठकीसाठी कापलेली आडवी पट्टी, सरकवलेला रेडिएटर, छाटलेला प्रोपेलर शाफ्ट आणि हलवलेले पेडल हे सगळे पूर्ववत करावे लागते. हे पाहण्यासाठी गाडीखाली झोपून सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या न्याहाळाव्यात. कारखान्यातल्या जोडणीत रिव्हेट असतात. ज्योतीने कापलेल्या कडा आणि जाड वेल्डिंग हे नंतरचे. विजेचेही तसेच. त्या काळच्या पुष्कळ गाड्या सहा व्होल्टच्या, आणि इंग्रजी गाड्यांत अनेकदा धन टोक सांगाड्याला जोडलेले. बारा व्होल्टवर नेलेल्या गाडीत जुने काटे आणि दिवे खरोखर चालतात की नुसते शोभेला आहेत, ते एकेक लावून पाहावे.

1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आधीपासूनच अनेक मोटारखाने रिकामे होत होते, ते आता झपाट्याने मोकळे झाले. त्याआधी, साठच्या दशकातच कित्येक नामांकित गाड्या परदेशी गेल्या होत्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी 1934 साली बांधलेली 'स्टार ऑफ इंडिया' ही रोल्स-रॉइस फँटम टू त्यांपैकी एक. ती 2010 मध्ये त्याच घराण्याकडे परत आली. दरम्यान 1 जानेवारी 1950 पूर्वी बनलेल्या मोटारी आणि त्यांचे भाग देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आला. त्यामुळे भारतात घेतलेली युद्धपूर्व गाडी परदेशी लिलावात विकण्याचे मनसुबे रचून किंमत लावणारा ग्राहक फसतो. साठच्या दशकातच देशात हौशी संग्राहकांची पिढीही उभी राहू लागली. स्टेट्समन वृत्तपत्राची रॅली 1964 मध्ये दिल्लीत आणि 1968 मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. मुंबईत प्राणलाल भोगीलाल यांनी मोठा संग्रह जमवला, जो आज अहमदाबादजवळ कठवाडा येथे पाहायला मिळतो.

रॅली आल्या तसा देखाव्याला भाव आला आणि एक नवी विकृती शिरली. लोकांना उघडी गाडी राजेशाही वाटते, म्हणून बंद सलून गाड्यांचे टप कापून त्यांच्या टूरर बनवल्या गेल्या. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी भाड्याने जाणाऱ्या गाड्यांनाही अशीच कापाकापी सोसावी लागली. कापलेली गाडी ओळखणे अवघड नाही. मूळ टूररची पुढची काच घडी होते किंवा स्क्रूने उतरते. कापलेल्या सलूनची काच पक्क्या जाड खांबांत बसलेली राहते. दारांच्या वरच्या कडा पत्रा दुमडून बंद केलेल्या असतात, त्या बोटाला खडबडीत लागतात. टप गेल्यावर बॉडी सैल होते, आणि खड्ड्यातून जाताना दार आपोआप उघडते. 2008 मध्ये मुंबईत कार्टियरची 'कॉन्कूर' ही जुन्या गाड्यांच्या परीक्षणाची स्पर्धा झाल्यावर आंतरराष्ट्रीय परीक्षक अस्सलपणाचे गुण मोजू लागले आणि अशा गाड्यांचा भाव उतरला.

रंगाखाली काय आहे ते पाहण्यासाठी खिशात छोटा लोहचुंबक ठेवावा. मडगार्डच्या कडा, दिव्यांचे कोनाडे आणि दारांचा तळ इथे तो एकदम सुटला, तर पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: रोल्स-रॉइससारख्या गाड्यांच्या बॉडीत ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, तिथे चुंबक चिकटणारच नाही आणि ते योग्यच आहे. तिथे बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकावा. लांबी भरलेल्या जागी तो बद्द येतो. समुद्राजवळ ठेवलेल्या गाडीत ॲल्युमिनियम आणि लोखंडी स्क्रू जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी धरते, ती रंग फुगवून बाहेर येते.

इंजिन तपासायला जायचे ते आगाऊ सूचना देऊन, पण पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून. गरम असेल तर विक्रेत्याने थंड सुरुवातीतली अडचण लपवलेली असू शकते. थांबून थंड होऊ द्यावे. त्या काळच्या इंजिनांची बेअरिंग मऊ मिश्रधातूची, ओतून बसवलेली. ती झिजली की चढावर दाब पडताच खोल ठक-ठक येते. सपाट रस्त्यावर हा आवाज दडतो, म्हणून चालवून पाहण्यात चढ असलाच पाहिजे. तेलाची सळई काढून तेल दुधाळ दिसते का पाहावे. तसे असेल तर पाणी आत जाते आहे, कदाचित ब्लॉकला तडा आहे, आणि जुन्या ओतीव लोखंडाचा तडा शिवणारे हात आता थोडेच उरले आहेत. मॉडेल एला स्टेअरिंगवर स्पार्क पुढेमागे करण्याची कांडी असते. ती मागे घेऊन हँडल मारायचे, नाहीतर हँडल उलटे येऊन मनगटावर बसते. तिचे ब्रेक चारही चाकांना पण दांड्यांनी चालणारे आहेत. एका बाजूला ओढत असतील तर ते बहुधा जुळवणीने सुधारते, तेवढ्यावरून गाडी नाकारू नये. चाके मात्र पाहावीत: 1928 आणि 1929 च्या गाडीला 21 इंची, पुढच्या दोन वर्षांच्या गाडीला 19 इंची. मिसळ दिसली तर गाडीच जोडलेली असण्याची शंका घ्यावी.

व्यवहार ठरला की कागद उरतो, आणि बराच काळ तोच सर्वांत जास्त त्रास देतो. नोंदणी पुस्तकावर नाव असलेली व्यक्ती हयात आहे का, नसेल तर वारसांची संमती आहे का, गाडी एखाद्या ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावे आहे का, कर्जाची नोंद उठवली आहे का, ही चौकशी आधी करावी. परराज्यातून गाडी येत असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांची ती कधीच वाढवलेली नसते, आणि थकलेला कर नव्या मालकाच्या माथी येतो.

2021 च्या नियमांनी वेगळी वाट उघडली. व्हिंटेज म्हणून नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण 5,000 रुपयांत. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही आणि ए ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, आणि तो ठेवण्यासारखाच असतो. बदल्यात बंधन आहे: गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर यावी, रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी नाही. त्यामुळे लग्नात भाड्याने देण्यासाठी गाडी घेणाऱ्याला ही नोंदणी उपयोगाची नाही. शिवाय सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. मॅटाडोर व्हॅनचे डिझेल इंजिन बसवलेली शेवरले इथे अडकते, आणि वर सांगितलेली आडव्या पट्ट्यांची तपासणी कायद्याच्या कारणानेही आवश्यक होते.

अगदी अलीकडची एक बाब इंधनाची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कचे गॅस्केट आणि टाकीच्या आत लावलेले लेप ते सैल करते, आणि हवेतले पाणी शोषून टाकीचा तळ गंजवते. टाकीचे झाकण उघडून आत विजेरीचा उजेड टाकावा, आणि कार्ब्युरेटरची खालची वाटी काढून तळाशी तपकिरी गाळ साठला आहे का ते बघावे. गाळ असेल तर टाकी उतरवून साफ करण्याचा आणि सर्व नळ्या बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून मगच बयाणा द्यावा.